‘लुकिंग फॉरवर्ड टू’ नंतर हिअर की हिअरिंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या, नात्यातल्या पोरापोरींचे नोकरीचे अर्ज, कव्हर लेटर, ॲडमिशनची पत्रं मी बरीच वर्षं वाचून दुरुस्त करून देतोय, आणि होतं काय की अख्खं पत्र छान जमलेलं असतं, स्पेलिंग बरोबर, तारीख बरोबर, पण शेवटच्या ओळीत हमखास गडबड होते. ती ओळ म्हणजे ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली.

आधी एका वाक्यात सांगा, बरोबर काय?

‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. हिअरिंग. तसंच टू मीटिंग, टू वर्किंग, टू सीइंग, टू जॉइनिंग. मेल आत्ताच्या आत्ता पाठवायचा असेल तर एवढं घेऊन जा, बाकीचं रात्री निवांत वाचा.

पण शाळेत तर शिकवलंय की टू नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, आयएनजी लावायचं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदी रास्त आहे. माझ्या भाचीने हेच विचारलं होतं. पहिल्याच नोकरीचा अर्ज होता, प्रिंट काढून आणलेला, मी शेवटच्या ओळीतल्या ‘टू मीट यू’ वर पेन्सिलने गोल केला तर म्हणाली मामा हे बरोबर आहे, आमच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं, टू प्लस पहिलं रूप. सरांचं चुकलं नव्हतं. नियम खराच आहे, फक्त तो एका टू चा नियम आहे आणि इंग्रजीत टू दोन आहेत.

पहिला टू क्रियापदाला चिकटलेला असतो. ‘आय वॉन्ट टू गो’, मला जायचंय. ‘शी केम टू मीट मी’, ती मला भेटायला आली. इथे टू आणि क्रियापद ही जोडी आहे आणि क्रियापद मूळ रूपातच राहतं.

दुसरा टू हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणजे प्रेपोझिशन. ‘आय वेंट टू सातारा’ मधला टू. हा नेहमी नामाच्या आधी येतो, आणि त्याच्यापुढे क्रियापद ठेवायचंच असेल तर त्या क्रियापदाला आधी नाम करावं लागतं, ते आयएनजी लावून होतं. लुक फॉरवर्ड टू मधला टू हा साताऱ्यावाला टू आहे. तो पुढच्या क्रियापदाचा नाहीये, तो मागच्या लुक फॉरवर्ड चा आहे, तिघं मिळून एकच शब्द समजा.

आणि आपल्याला हे पटकन का कळत नाही याचंही एक कारण मला दिसतं. आपण म्हणतो ‘मी साताऱ्याला गेलो’ आणि ‘मी जेवायला गेलो’. दोन्हीकडे ला! गावालाही ला आणि क्रियेलाही ला, त्यामुळे दोन टू मधला फरक आपल्या कानाला खटकतच नाही. एवढं समजलं की मग ही चूक करणाऱ्याला कोणी अडाणी म्हणणार नाही, घराघरात बोलल्या जाणाऱ्या मराठीतून ती सरळ आलेली आहे.

मग टू कुठला हे ओळखायचं कसं? प्रत्येक वेळी व्याकरण कोण आठवणार?

दोन युक्त्या आहेत.

पहिली म्हणजे टू च्या पुढे ‘इट’ (म्हणजे ‘ते’, खाण्याचं ‘ईट’ नव्हे) ठेवून बघा किंवा एखादं साधं नाम. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’, बरोबर वाटतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’, हेही बरोबर वाटतं. म्हणजे टू दुसऱ्या जातीचा, क्रियापद आलं तर आयएनजी. आता ‘आय वॉन्ट टू इट’ किंवा ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ म्हणून बघा, वाक्य तिथेच मोडतं. म्हणजे टू पहिल्या जातीचा, मूळ रूप.

दुसरी युक्ती आपल्या मराठीतली आणि मला ती जास्त आवडते. आपल्याकडे ‘डोळे लावून बसणं’ म्हणतात ना, ते लुक फॉरवर्ड टू ला जवळपास शब्दाला शब्द बसतं. कशाकडे डोळे लावून बसलाय? सुट्टीकडे. निकालाकडे. भेटण्याकडे. बघा, ‘कडे’ लावायचं म्हटलं की तुम्ही आपोआप भेट, भेटतो, भेटायला असलं काही न म्हणता ‘भेटण्या-’ असं रूप केलंत. भेटायलाकडे असं कोणी म्हणत नाही, चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही. तर हे ‘भेटण्या’ म्हणजेच ‘मीटिंग’ आणि ‘कडे’ म्हणजे ‘टू’. भाचीला हे ओट्याजवळ उभं राहून सांगितलं, तिने तिथल्या तिथे दहा वाक्यं केली आणि दहाच्या दहा बरोबर आली.

एक सावधगिरी. ‘भेटण्यासाठी’ मध्येही ण्या आहे पण तिथे साठी आहे, म्हणजे हेतू आहे, तिथे इंग्रजीत मूळ रूपच येतं, ‘आय केम टू मीट यू’. कडे बसतंय का तेवढंच बघायचं.

‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय’ चालतं का?

नाही. फॉर इथे कुठेच येत नाही. हे ‘वेटिंग फॉर’ वरून येतं, शिवाय आपल्या डोक्यात ‘उत्तरासाठी थांबलोय’ हे वाक्य असतं आणि साठी म्हटलं की हात फॉर टाइप करतो. ‘लुकिंग फॉर युअर रिप्लाय’ तर आणखी वेगळं, त्याचा अर्थ तुमचं उत्तर शोधतोय, कुठे हरवलंय कोण जाणे. आणि टू गाळून ‘लुकिंग फॉरवर्ड युअर रिप्लाय’ असंही बरेच जण लिहितात, तेही चूक. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ लिहा, यात क्रियापदच नाही त्यामुळे आयएनजीचा प्रश्नच मिटतो. ज्याला काहीच लक्षात राहत नाही त्याला मी हेच वाक्य देतो.

‘आय लुक’ की ‘आय ॲम लुकिंग’?

दोन्ही बरोबर. ‘आय लुक फॉरवर्ड टू’ जरा औपचारिक, अर्ज, ऑफिसची पत्रं, अनोळखी माणूस. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ जरा मोकळं, ओळखीचा क्लायंट, कलीग, मित्र. नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ आय न लावता, हे त्याहून मोकळं. कव्हर लेटरमध्ये मी कायम पहिलंच वापरायला सांगतो.

त्या ओळीच्या शेवटी कॉमा द्यायचा की फुलस्टॉप?

‘आय’ लावलं असेल तर ते पूर्ण वाक्य आहे, फुलस्टॉप द्या आणि मग खालच्या ओळीवर ‘युअर्स सिन्सिअरली’, त्याच्यानंतर कॉमा.

कॉमाची सवय कुठून आली ते सांगतो, कारण ‘थँकिंग यू’ ला पण तेच लागू आहे. जुन्या इंग्रजी पत्रांत शेवट असा लांबलचक असायचा, ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली’, म्हणजे वाक्य कॉमानंतर पुढे चालू राहून थेट सहीपर्यंत पोचायचं. पुढे ‘आय रिमेन’ गळून पडलं आणि कॉमा मात्र तसाच लोंबकळत राहिला. आपल्याकडे शाळेच्या पत्रलेखनात ‘थँकिंग यू,’ कॉमासकट अजून लिहितात ते याच घराण्यातलं. आपलं ‘कळावे, लोभ असावा’ कसं पत्राच्या शेवटी अर्धवट वाटलं तरी सगळ्यांना पूर्ण वाटतं, तसंच. मोकळ्या मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू,’ आणि खाली नाव, असं लिहिलं तर कोणी हरकत घेणार नाही. नोकरीच्या अर्जात मात्र पूर्ण वाक्य करा.

दोन क्रियापदं आली तर?

दोघांनाही आयएनजी. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू अँड डिस्कसिंग द प्रोजेक्ट’. इथे चांगले चांगले लोक घसरतात, पहिल्याला मीटिंग बरोबर लिहितात आणि अँड नंतर ‘डिस्कस’ वर येतात, कारण तोवर टू लांब राहिलेला असतो आणि डोळ्याला दिसत नाही. मेल पाठवायच्या आधी अँड च्या पुढे एकदा बघाच. आणि हो, डिस्कस नंतर अबाउट लावू नका.

‘टू बी अ पार्ट ऑफ युअर टीम’ की ‘टू बीइंग’?

टू बीइंग. ‘आय लुक फॉरवर्ड टू बीइंग अ पार्ट ऑफ युअर टीम’. बीइंग कानाला विचित्र लागतं म्हणून लोक घाबरून ‘बी’ करतात. ‘टू बी वर्किंग विथ यू’ हाही प्रकार बघितलाय, तो नको, सरळ ‘टू वर्किंग विथ यू’ म्हणा. आणि बीइंग फारच खटकत असेल तर ‘टू जॉइनिंग युअर टीम’ लिहून मोकळे व्हा, ते जास्त सुटसुटीत आहे.

‘टू यू कमिंग’ की ‘टू युअर कमिंग’?

दोन्ही चालतं. युअर वालं जुन्या शिस्तीचं, औपचारिक. बोलण्यात यू. मुंबई-पुण्यात हल्ली लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजूही छापतात, त्यात ‘वी लुक फॉरवर्ड टू युअर प्रेझेन्स’ असं सरळ नाम घातलेलं बरं. पत्रिका एकदा छापून आली की चूक हळदीकुंकू लावून घरोघर जाते, तेव्हा छापायला टाकण्याआधी कोणाला तरी वाचायला द्या.

आता इतकं समजलं की मी सगळीकडेच आयएनजी लावायला लागलो, ‘आय होप टू हिअरिंग फ्रॉम यू’. बरोबर ना?

नाही! आणि हे फार होतं, एक चूक सुधारायला गेलं की दुसरीकडे उगवते. होप, वॉन्ट, वुड लाइक, प्लॅन, एक्सपेक्ट या सगळ्यांनंतरचा टू पहिल्या जातीचा. ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू’, ‘आय वुड लाइक टू मीट यू’. परत इट ठेवून बघा, ‘आय होप टू इट’ होत नाही ना, मग हिअर.

असे आणखी कुठले शब्द आहेत ज्यांच्यात दुसरा टू लपलेला असतो?

बरेच आहेत आणि ऑफिसच्या लिखाणात रोज लागतात. ‘ऑब्जेक्ट टू पेइंग एक्स्ट्रा’, जादा पैसे भरण्याला हरकत. ‘कमिटेड टू इम्प्रूव्हिंग द सर्व्हिस’. ‘प्रायर टू जॉइनिंग’, जॉइन होण्याआधी. ‘इन ॲडिशन टू टीचिंग’, शिकवण्याशिवाय. ‘विथ अ व्ह्यू टू रिड्यूसिंग कॉस्ट’, यात तर ऐंशी टक्के लोक, आकडा माझ्या अंदाजाचा, रिड्यूस लिहितात.

पण सगळ्यात फसवा म्हणजे यूज्ड टू, त्याच्यावर जरा थांबतो. ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मी पाचला उठायचो, आता उठत नाही. इथे वेक, मूळ रूप. ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मला पाचला उठण्याची सवय आहे, आजही उठतो. इथे वेकिंग. नाइट शिफ्टच्या इंटरव्यूत एका मुलाला विचारलं की रात्रपाळी जमेल का, त्याला सांगायचं होतं की हो मला सवय आहे आणि तो म्हणाला ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’, समोरच्याने ऐकलं की पूर्वी करायचो, आता नाही करत. मराठीत बघा किती सोपं आहे, ‘उठायचो’ आलं तर मूळ रूप, ‘उठण्याची’ आलं तर आयएनजी. ण्या दिसला की इथेही काम होतं.

लुक फॉरवर्ड टू नंतर मूळ रूप कधीच बरोबर नसतं का?

एका ठिकाणी असतं, आणि तिथे लुक फॉरवर्ड चा अर्थच वेगळा असतो. खरोखर मान वळवून पुढे बघणं. ‘ही लुक्ड फॉरवर्ड टू सी इफ द सिग्नल हॅड चेंज्ड’, सिग्नल बदलला का ते बघायला त्याने समोर नजर टाकली. इथे टू हेतूचा आहे, बघायला, बघण्यासाठी. ‘ही लुक्ड फॉरवर्ड टू सीइंग हर’ म्हणजे तिला भेटायची ओढ लागली होती. एवढ्याशा आयएनजीने रस्त्यावरचा माणूस प्रेमात पडतो, म्हणून ते जपून लिहायचं.

‘वाट बघतोय’ ला लुकिंग फॉरवर्ड म्हटलं तर चालेल ना?

नेहमी नाही. वाट बघणं बसचीही असते, डॉक्टरच्या रिपोर्टचीही असते. लुक फॉरवर्ड मध्ये आनंद असतो, ते व्हावंसं वाटत असतं. ऑपरेशन, कोर्टाची तारीख, कोणाचा दहावा, यांच्यासाठी हे वाक्य कधीच वापरू नका, फार वाईट दिसतं. तिथे ‘वेटिंग फॉर’ किंवा ‘अवेटिंग’. आणि अवेट नंतर फॉर नाही, ‘आय अवेट युअर रिप्लाय’, झालं.

उलट बाजूने नकारात वापरता येतं, ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द एक्झाम’, परीक्षेचं टेन्शन आलंय, नकोशी वाटतेय. आणि भूतकाळात ‘आय वॉज रिअली लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बरेचदा पुढचा पण ऐकू येतो, म्हणजे ट्रिप बोंबललेली दिसतेय.

‘आय एक्सपेक्ट युअर रिप्लाय’ लिहिलं तर?

जपून. मराठीत ‘आपल्या उत्तराची अपेक्षा आहे’ हे किती सौम्य वाक्य आहे, आदबशीर. पण एक्सपेक्ट मध्ये हुकूम आहे, उद्यापर्यंत उत्तर आलं पाहिजे असा सूर लागतो. वरिष्ठांना किंवा ज्याच्याकडे काम मागतोय त्याला हे लिहू नये. आपला अपेक्षा हा शब्द आणि त्यांचा एक्सपेक्ट दिसायला भाऊ आहेत पण स्वभाव वेगळे.

शेवटी ‘ॲट द अर्लिएस्ट’ लावलं तर लवकर उत्तर येतं म्हणतात?

भारतात सगळ्यांना कळतं की म्हणायचंय लवकरात लवकर. पण बाहेरच्या माणसाला ‘मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे सोमवारच्या आधी तर नाहीच, असं कळतं, म्हणजे बरोब्बर उलटं. बाहेरदेशी मेल जाणार असेल तर ‘सून’ लिहा, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू सून’, आणि खरंच तारीख हवी असेल तर आधीच्या वाक्यात ती तारीख स्पष्ट लिहा.

तसंच ‘फ्रॉम युअर साइड’, ‘फ्रॉम युअर गुड सेल्फ’ यांची गरज नाही. फ्रॉम यू पुरतं. आणि फ्रॉम मात्र विसरू नका, ‘टू हिअरिंग यू’ म्हणजे तुमचं भाषण किंवा गाणं ऐकायला उत्सुक आहे. भीमसेन जोशींना असं पत्र गेलं असतं तर शोभलं असतं, एचआरला नाही.

स्पेलिंगचं काही?

पुस्तकाच्या सुरुवातीला जे ‘फोरवर्ड’ असतं ते वेगळं, त्यात वर्ड म्हणजे शब्द आहे, ते इथे नको. शेवटी एस लावून ‘फॉरवर्ड्स’ ही नको.

आयईएलटीएसला याने मार्क जातात का?

या इंग्रजीच्या परीक्षेच्या ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकारात रायटिंगमध्ये पहिलं काम पत्राचंच असतं, किमान 150 शब्द, आणि त्यासाठी 20 मिनिटं घ्या असं सुचवलेलं असतं. तपासायचे जे चार निकष आहेत त्यातला एक व्याकरणाचा. एका चुकीने बँड कोसळत नाही, पण पत्राची शेवटची ओळ तपासणाऱ्याच्या डोळ्यात ताजी राहते, आणि ही ओळ तर तुम्ही घरूनच पाठ करून नेऊ शकता, मग ती तरी चुकू नये असं मला फार मनापासून वाटतं. वर्षभर मेहनत केलेली पोरं असतात ही.

मेल गेला आणि मग चूक दिसली. परत पाठवू का?

नको. ‘सॉरी फॉर द मिस्टेक’ असा दुसरा मेल पाठवला की जे त्यांनी कदाचित बघितलंच नव्हतं ते त्यांना दाखवल्यासारखं होतं. त्याऐवजी फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये तुमची सेव्ह केलेली सिग्नेचर उघडा, जुन्या ड्राफ्टची ती फाइल उघडा जिच्यावरून तुम्ही प्रत्येक अर्ज कॉपी पेस्ट करता, कारण चूक तिथे बसलेली असते आणि प्रत्येक नव्या मेलबरोबर परत जाते. भाचीच्या फोनमध्ये ती ओळ तीन ठिकाणी निघाली, तिसरी व्हॉट्सॲपच्या स्वतःला पाठवलेल्या मेसेजमध्ये.